संतुकराव, सहयोगी मेंबर

संतुकराव गादीवर बसायचे तेव्हासुद्धा त्यांचा उजवा पाय खाली चपलेत असायचा. डावा पाय मांडी घालून गादीवर, उजवा निघायच्या तयारीत. समोर गिऱ्हाईक घोंगडीचा पोत चाचपत असायचं आणि हे त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत विचारायचे, "भुसारवाल्यांची मिटिंग सुरू झाली का वो?" गिऱ्हाईक येलदरीच्या धरणावरचा मजूर. त्याला भुसारवाल्यांच्या मिटिंगचं काय ठाऊक असणार? तो घोंगडी खाली ठेवायचा, आणि मग मागच्या बाजूला लोकर कातत बसलेली त्यांची माय, धुरपतमाय, सांगायची, "त्याला जाऊ दे. तू हिकडं ये लेकरा, मी दावते."

जिंतूरच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मध्ये पातळ भिंत. त्यामुळे हा गृहस्थ माझ्या वाट्याला जरा जास्तच आला. मी स्वभावाने आळशी. मला बसायला आवडतं, आणि बसलेल्या माणसाला उठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. संतुकराव मला दिवसातून चारदा उठवायचे. "चला भाऊ, आज कापडवाल्यांकडं जाऊन येऊ. बसून काय व्हायलंय?" बसून धंदा होतो, हे मी त्यांना अनेक वर्षं सांगत होतो.

तो काळच मंडळांचा होता. निजामाच्या राज्यात चार माणसं एका ओसरीवर बसली तरी फौजदार चौकशीला यायचा. पोलीस ॲक्शन झाली, ते राज्य गेलं, आणि लोकांनी इतक्या वर्षांचं बसायचं राहून गेलेलं सगळं एकदम बसून घेतलं. भुसारवाल्यांचं मंडळ झालं, कापडवाल्यांचं झालं, सराफांचं झालं, हॉटेलवाल्यांचंही झालं. प्रत्येकाला अध्यक्ष, चिटणीस, सतरंजी आणि चहा. अध्यक्षाला अजून निम्मे लोक 'सदरसाहेब'च म्हणत, पण ठराव मात्र अगदी शुद्ध मराठीत होत.

संतुकरावांची अडचण अशी की गावात घोंगड्यांचं दुकान एकच. एका माणसाचं मंडळ होत नाही. मग ते दुसऱ्यांच्या मंडळांत शिरायला निघाले. कापडवाल्यांपुढे त्यांनी मांडलं की घोंगडी मागावर विणतात, म्हणजे ती कापडच. अध्यक्ष गोविंदशेट म्हणाले, कापड धुतात, घोंगडी झटकतात. यावर सबंध संध्याकाळ वाद चालला आणि शेवटी त्यांना 'सहयोगी मेंबर' करून घेतलं. म्हणजे सतरंजीवर बसायचं, चहा प्यायचा, मत द्यायचं नाही. भुसारवाल्यांना त्यांनी सांगितलं की ज्वारीची रास घोंगडीवरच पडते. हॉटेलवाल्यांना सांगितलं की तुमच्या चहात आमच्या धनगरांच्या बकऱ्यांचं दूध आहे, आणि ही बातमी त्यांनी गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगू नये म्हणून तिथेही त्यांना मेंबर करून घेण्यात आलं. सगळीकडे सहयोगी. मत कुठेच नाही, म्हणून ते अनुमोदन देत. ठराव अजून वाचून व्हायचा असे, तोवर मागून आवाज येई, "माझं अनुमोदन हाय." एकदा त्यांनी स्वतःलाच बाहेर काढायच्या सूचनेला अनुमोदन दिलं. सूचना मांडणाराच इतका ओशाळला की त्याने ती मागे घेतली.

ही धावपळ कशासाठी, ते गुपित नव्हतं. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

आमच्याकडे रिवाज असा की बाजारातल्या कुणाच्या घरी मौत झाली, की मयत दुकानांसमोरून जाईपर्यंत सगळे फळ्या लावून घेतात. दुकानांना दारं नव्हतीच, उभ्या फळ्या असायच्या, एकीला लागून एक खाचेत बसवायच्या. संतुकरावांचे वडील मेंढरांमागे हिंडलेले. झरीकडच्या एका वस्तीतून खांद्यावर घोंगड्यांची चळत घेऊन गावोगाव विकत इथे आले आणि हे दुकान थाटून वर्षाच्या आत वारले. त्यांची मयत बाजारातून गेली तेव्हा एकही फळी लागली नाही. तराजू चालू होते. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. धनगराचं माणूस गेलं, बाजारातलं गेलं असं वाटलंच नाही कुणाला. त्याच आठवड्यात एका अडत्याची म्हातारी गेली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बाजार बंद झाला. संतुकराव ते बघत उभे होते. बापाचं तर होऊन गेलं होतं. पण मायच्या वेळी बाजार बंद झालाच पाहिजे, हे त्यांनी तिथेच ठरवलं, आणि बहुधा त्याच दिवशी एक पाय चपलेत राहिला तो राहिला.

गंमत अशी की ही माय खणखणीत होती. पहाटे फळ्या काढणारी ती, रात्री लावणारी ती. बाजारात कुणाकडे बाळंतपण झालं की बाळाखाली घालायला घोंगडीचा मऊ तुकडा हिच्याकडून जायचा. कुणी जेवायला घरी गेला तर त्याचं दुकान ही तिथूनच राखायची. आणि सतत हसायची पोराला. "पुस्तकवाल्या," ती मला म्हणायची, "माझ्या मरणाची वर्गणी भरायलाय ह्यो. मेल्यावर पावती माझ्या हातात द्या म्हणावं."

एकदा तर संतुकरावांनी सर्व मंडळांच्या एकत्र बैठकीत उभं राहून विचारलं, सहयोगी मेंबराची माय वारली तर बाजार बंद होईल का?  म्हातारी तेव्हा दुकानात बसून हरभरे खात होती. उपसमिती नेमली गेली. समितीने बराच काळ चहा पिऊन निर्णय दिला की सहयोगी मेंबरासाठी अर्ध्या फळ्या लावाव्यात. संतुकराव तडक उठून गोविंदशेटशी भांडले. अर्धं मेलेलं मानूस दावा मला, म्हणाले. पुढच्या बैठकीत पूर्ण फळ्यांचा ठराव झाला, आणि अनुमोदन अर्थातच त्यांचंच. धावत येऊन त्यांनी मायला सांगितलं. तिने लोकर कातायची चाती थांबवली. "मंग आता मरू का?" तिने विचारलं. इतका वेळ जागच्या जागी नाचणारे ते, एकदम मान खाली घालून उभे राहिले. मला पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली.

धुरपतमाय गेली ती रविवारी. पहाटे, झोपेतच.

नव्या कायद्याने रविवारची सुट्टी लागू झालेली. बाजार आधीच बंद. मी त्यांच्या घरी पोचलो तर संतुकराव ओसरीवर येरझारा घालत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, आज ऐतवार हाय." मी हो म्हटलं.  सोमवारपर्यंत थांबा असं माणसाला सांगता येतं, मयताला नाही. एवढी वर्षं हा माणूस ज्याच्यासाठी सतरंज्या झिजवत होता, ते त्याच्या हातातून असं एका वारापायी निसटलं. 

मयतावरच्या कापडासाठी मी गोविंदशेटच्या घरी गेलो. ते किल्ली घेऊन आले, दुकानाच्या फळ्या काढल्या, कापड फाडून दिलं, पैशाला हात लावला नाही. मी निघालो तर ते गादीवर जाऊन बसले. मी म्हटलं, शेट, लावा आता, रविवारी दुकान उघडं ठेवणं गुन्हा आहे. म्हणाले, "उघडलंय तर राहू द्या. माय समोरून जाऊ द्या, मंग लावतो."

 अंत्ययात्रा गल्लीतून बाजारात वळली तेव्हा बघतो तर भुसारवाला गादीवर, सराफ गादीवर, हॉटेलवाला विझलेल्या भट्टीपाशी. सणावाराला नसतो इतका बाजार उघडा. कुणी धुतल्या धोतरात, कुणी तसाच बनियनवर. कुणी कुणाला निरोप दिल्याचं मला तरी कळलं नाही. तिरडी समोरून जाई तसा एकेक जण उठे आणि फळ्या लावू लागे.

संतुकराव विस्तव घेऊन पुढे. पुढे चालणाऱ्याने मागे बघायचं नसतं. त्यांना फक्त लाकडावर लाकूड आपटल्याचे आवाज येत होते. मान न वळवता त्यांनी मला विचारलं, "भाऊ, लावायलेत का?"

"लावायलेत," मी म्हटलं. "समदे."

त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता.

आमची दुकानं बाजाराच्या टोकाला. मी माझं घाईघाईने उघडून बंद केलं. मग संतुकराव थांबले. त्यांचं दुकान उघडलंच नव्हतं. उघडणार कोण? म्हणाले, "आपलंच राह्यलं." तिथेच तिरडी विसाव्याला टेकवली. त्यांच्या कमरेची किल्ली घेऊन मी कुलूप काढलं, फळ्या उतरवल्या आणि परत लावायला घेतल्या. एक बसेना. दुसरी लावून पाहिली, तीही बसेना. कोणती आधी, म्हणून मी त्यांना विचारलं.

"मला ठावं न्हाई भाऊ," ते म्हणाले. "मायच लावायची."

मग गोविंदशेट आले, भुसारवाला आला. तिघे मिळून आम्ही फळ्या उलट्यासुलट्या करून बघत राहिलो, आणि संतुकराव आपल्या दुकानासमोर मायजवळ थांबून राहिले. आम्हाला लवकर आटपा म्हणून ते एकदाही म्हणाले नाहीत.