ऍप्रनसकट शर्ट

"मशीनचं काय एवढं मोठं? सुई वर जाते, सुई खाली येते, मध्ये कापड असतं. जगातली सगळी मशीनं एवढंच करतात!"

मास्तरीणबाईंनी परीक्षेच्या दोन दिवस आधी हे जाहीर केलं. तेही घरात नव्हे, जिन्यात उभं राहून, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

त्यांचं खरं नाव गल्लीत कोणाला आठवत नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी पायमशीनवर गल्लीचे कपडे शिवले आणि निम्म्या गल्लीला शिवायला शिकवलं, म्हणून त्या मास्तरीणबाई. पण अलीकडे जो तो दुकानातून तयार कपडे आणू लागला होता. मास्तरीणबाईंच्या वाट्याला चेन बदलणं आणि पँट आखूड करणं, एवढंच उरलं होतं. अशात शिवणकाम शिकवणाऱ्या केंद्रात शिक्षिकेची जागा निघाली. तिथल्या संचालकांनी त्यांनी शिवलेला कोट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "जागा तुमचीच. फक्त प्रमाणपत्र लागेल. प्रात्यक्षिक परीक्षा द्या, पॉवर मशीनवर."

मास्तरीणबाईंनी "फक्त" हा शब्द नीट ऐकला. "पॉवर मशीनवर" हे दोन शब्द कानाला चाटून गेले.

त्यांच्या धाकट्या जाऊबाई कपड्यांच्या कारखान्यात आठ वर्षं त्याच मशीनवर बसत होत्या. त्यांनाही बढतीसाठी हीच परीक्षा द्यायची होती. त्या म्हणाल्या, "ताई, उद्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात या ना. अर्धा तास हात फिरवून बघा."

"अगं, तुला सुईत दोरा ओवायला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग?"

 धाकटी जिना चढून वर गेली.

मास्तरीणबाईंचे यजमान बस चालवत. त्यांनीही भीतभीत सुचवलं, "नवी गाडी हातात आली की मी आधी आगारात दोन चकरा मारतो."

"तुमच्या गाडीत पन्नास माणसं असतात. माझ्या मशीनवर एक शर्ट असणार. शर्ट मरत नाही!"

परीक्षेची खोली लांबट होती. आठ टेबलं, आठ करडी मशीनं, वर पांढरेफटक दिवे. परीक्षक बाई साठीच्या होत्या. केस पिकलेले, गळ्यात टेप, आवाज इतका हळू की आठही जणी नकळत पुढे वाकल्या. "कापून ठेवलेला शर्ट प्रत्येकीच्या टेबलावर आहे. दीड तासात पूर्ण शिवायचा. एकमेकींशी बोलायचं नाही. घंटा झाली की सुई बंद, कात्री बंद. घंटेनंतर कात्री उचलली तर नापास."

मग निळे ऍप्रन वाटले. मास्तरीणबाईंच्या वाट्याला आलेला ऍप्रन बहुधा एखाद्या पैलवानाच्या मापाने शिवलेला होता. त्यांनी तो अंगाभोवती दीड वेळा गुंडाळला, उरलेला मांडीवर पसरला आणि ऐटीत बसल्या. शेजारच्याच टेबलावर धाकटी होती.

मास्तरीणबाईंनी खिसा शर्टाच्या छातीवर ठेवला, सवयीने उजव्या हाताने चाकाला टप्पल मारली आणि पाय हलवला. काहीच झालं नाही. पुन्हा टप्पल. पुन्हा काही नाही. त्यांनी हात वर केला. "बाई, हे मशीन बिघडलंय!"

कोपऱ्यात बसलेले मिस्त्री आले. त्यांनी टेबलाखाली हात घातला, एक बटण दाबलं आणि म्हणाले, "आता चालू आहे."

"कुठे चालू आहे? आवाज तर नाही!"

"आवाज तुमच्या पायात आहे," म्हणत मिस्त्री जागेवर जाऊन बसले.

आता पायमशीनचं असं असतं, की दोन्ही पाय पट्टीवर ठेवायचे आणि झोका दिल्यासारखे हलवायचे. चवडा खाली, टाच खाली, चवडा, टाच. सव्वीस वर्षं मास्तरीणबाईंचे पाय हेच करत आले होते. त्यांनी तेच केलं. चवडा दाबला मात्र, मशीन वाघ मागे लागल्यासारखं सुटलं! घाबरून त्यांनी टाच दाबली. मशीन थांबलं आणि त्याने आपण होऊन दोरा कापून टाकला.

फर्रर्र, खट्!

मास्तरीणबाई दचकल्या. दोरा तुटला असेल म्हणून पुन्हा सुरुवात केली. चवडा, टाच. फर्रर्र, खट्! फर्रर्र, खट्! पाच मिनिटांत खिशाच्या कडेला इंच-इंचाचे तुकडे दिसू लागले, रस्त्याच्या मधोमध मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यांसारखे. भरीत भर म्हणजे टेबलाखाली गुडघ्यापाशी एक लोखंडी दांडा होता. गुडघा त्याला लागला, की कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचलला जाई आणि शर्ट सटकन निसटे. एकदा तो असा निसटला, की शिलाई खिशाच्या तोंडावरूनच गेली. खिसा चारही बाजूंनी बंद झाला.

त्यात रुमालसुद्धा गेला नसता!

धाकटीला हे बघवेना. तिचा हात आपल्या शर्टावर होता, पण डोळा मोठ्या जावेवर. बोलायची तर बंदी! ती खोकली. मास्तरीणबाईंनी पाहिलं. धाकटीने आपला उजवा पाय जरासा बाहेर काढला, टाच उचलून दाखवली आणि मान नकारार्थी हलवली. म्हणजे, ताई, टाच टेकवू नका.

मास्तरीणबाईंना वाटलं, आपल्या टाचेखाली काहीतरी आहे. त्या खाली वाकल्या. चप्पल काढली, उलटी करून पाहिली, झटकली, पुन्हा घातली. धाकटीने कपाळाला हात लावला आणि आणखी जोरात टाच हलवली. आता मास्तरीणबाईंना राग आला. आपली अशी दैना झालेली, आणि ही पाय नाचवून दाखवतेय? त्यांनी डोळे वटारले.

"दोन नंबर, तीन नंबर," परीक्षक बाईंचा हळू आवाज आला, "काय चाललंय?"

"हिच्या पायाला गोळा आलाय बहुतेक," मास्तरीणबाई फणकारल्या.

"पुन्हा खाणाखुणा दिसल्या तर दोघींचेही पाच-पाच गुण जातील."

धाकटीने मान खाली घातली, ती घंटा होईपर्यंत वर केली नाही.

मास्तरीणबाईंनी शेवटचा उपाय म्हणून मशीन बदलून मागितलं. मिस्त्री पुन्हा आले. त्यांनी खुर्चीवर बसून रद्दी कापडावर एक टीप मारली. सरळ, झोकदार टीप! "मशीन उत्तम आहे, बाई."

"तुम्हाला उत्तम आहे. मला चावतंय!"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. पन्नास मिनिटं गेली होती.

तेव्हा मात्र मास्तरीणबाईंनी खिसा सोडून कॉलर हातात घेतली. हाताला घाम सुटला, कॉलरचं कापड बोटांना चिकटू लागलं. इतकी वर्षं सुई त्यांच्या पायाचं ऐकत आली होती. आज ती ऐकत नव्हती, आणि बाजूच्या सात मशीनांचा आवाज सांगत होता, की बाकी सगळ्यांचं ऐकतेय. चार मजल्यांना आपण काय ऐकवून आलो, तेही आठवलं. क्षणभर वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं. पण घरी जायचं म्हणजे जिन्यातूनच जावं लागणार!

त्यांनी दोन्ही चपला काढल्या. डावा पाय खुर्चीच्या दांडीवर अडकवून ठेवला, गुडघे एका बाजूला वळवले. उजव्या पायाचा फक्त अंगठा पट्टीवर टेकवला, पाणी किती गरम आहे ते बघावं तसा. मशीन टुकुटुकु चालू लागलं. मास्तरीणबाईंनी श्वास रोखून कॉलर पुरी केली. कॉलर अशी बसली, की शर्टाला मान नसतानाही तो ताठ दिसू लागला! मग बाह्या झाल्या, कफ झाले, काखेपासून खालपर्यंत एक बगल झाली. शेवटची बगल तेवढी राहिली. कापड मांडीवर ओढून त्यांनी कडेला कड जुळवली आणि अंगठा टेकवला.

तेवढ्यात त्यांच्या अगदी कानाशी परीक्षक बाई म्हणाल्या, "दोन मिनिटं राहिली."

मास्तरीणबाई किंचाळल्या. अंगठ्यामागून अख्खा पाय पट्टीवर पडला. मशीन काखेपासून सुटलं, ते थेट शर्टाच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून हवेत टाके घालत राहिलं. घाबरलेली टाच खाली आली. खट्! दोरा कापला गेला.

शर्ट पूर्ण झाला होता! मास्तरीणबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तो उचलला, तर त्याच्याबरोबर मांडीवरचा ऍप्रनही उचलला गेला. शिलाई दोघांनाही एकत्र घेऊन गेली होती. त्यांनी कात्रीकडे हात नेला.

टण्ण!

हात तिथल्या तिथे थांबला.

"एकेकीने शर्ट माझ्या टेबलावर आणून द्या," परीक्षक बाई म्हणाल्या.

मास्तरीणबाई रांगेत उभ्या राहिल्या, शर्ट पोटाशी लोंबकळत असलेला. त्यांची पाळी आली.

"द्या."

"देते. पण तो माझ्याबरोबर आहे."

खोलीत खसखस पिकली. मास्तरीणबाईंनी कमरेची गाठ सोडली आणि ऍप्रनसकट शर्ट टेबलावर ठेवला. परीक्षक बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी खिसा पाहिला. त्यात बोट घालायचा प्रयत्न केला. कॉलर पाहिली, बराच वेळ पाहिली. मग ती शेवटची बगल. तिच्यावर पट्टी ठेवली, टाके मोजले.

"ही टीप तुमचीच?"

"चुकून झाली, बाई."

"अख्ख्या शर्टात हीच सगळ्यात सरळ आहे. केसाइतकीही वाकडी नाही. कशी मारलीत?"

"तेव्हा मी डोळे मिटले होते."

आता परीक्षक बाई हसल्या. "वेग कमी का नाही केलात? मशीनवर कासवाच्या चित्राचं बटण आहे ना?"

मास्तरीणबाईंनी वळून आपल्या मशीनकडे पाहिलं. खरंच होतं. हिरवं, चांगलं ठसठशीत कासव! "मला वाटलं, ती कंपनीची खूण आहे," त्या पुटपुटल्या.

संध्याकाळी निकाल लागला. पास व्हायला साठ गुण हवे होते. धाकटीला ब्याऐंशी मिळाले. मास्तरीणबाईंना अठ्ठावन्न.

यजमान दारातच उभे होते. "काय झालं?"

"कॉलरला पैकीच्या पैकी!"

"आणि उरलेल्या शर्टाला?"

मास्तरीणबाई आत गेल्या. तोंड धुतलं. मग पुन्हा बाहेर आल्या, वरच्या मजल्यावर गेल्या आणि धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या. आवाज या वेळी इतका खाली होता, की समोरच्या दारालाही ऐकू गेला नसता.

"फेरपरीक्षा महिन्याने आहे. संचालक तोवर थांबतो म्हणालेत. उद्या जेवणाच्या सुट्टीत येऊ का गं?"

धाकटीला बोलायला जागा होती. आठ वर्षांचं साठलेलं बरंच काही होतं. पण ती एवढंच म्हणाली, "या की, ताई. येताना चप्पल सपाट घाला."

महिनाभर त्या रोज कारखान्यात गेल्या. जेवण बाजूला ठेवून धाकटी टेबलाखाली उकिडवी बसे आणि मोठ्या जावेची टाच हाताने धरून ठेवी. "सोडा, सोडा, आता फक्त अंगठा. हं, तस्सं!" चुकलं तर पायावर हळूच चापट मारी. शिवणाच्या वर्गात मास्तरीणबाईंनी धाकटीच्या बोटांवर पट्टी मारली होती, त्या मानाने ही चापट काहीच नव्हती, असं मास्तरीणबाई स्वतःच कबूल करतात.

फेरपरीक्षेत त्यांना एकाहत्तर गुण मिळाले. खिसा उघडा राहिला. नोकरी लागली, आणि आता त्या वीस मुलींना पॉवर मशीन शिकवतात. निकाल त्यांनी जिन्यात उभं राहून चारही मजल्यांना सांगितला.

फेरपरीक्षेच्या दिवशीची एक गोष्ट मात्र त्या सांगत नाहीत. ती धाकटी सांगते, कारण सोबत म्हणून ती परीक्षेच्या दारापर्यंत गेली होती आणि तिने सगळं पाहिलं. परीक्षक बाई निळे ऍप्रन वाटत आल्या. एक नंबरला दिला, दोन नंबरला दिला, आणि मास्तरीणबाईंना वगळून पुढे गेल्या.

"बाई, मला राहिला," मास्तरीणबाईंनी हात पुढे केला.

"तुम्ही तशाच बसा," परीक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मागच्या वेळचा अजून उसवतोय आम्ही."