नळीचं कुठं लिहिलंय?

सासूबाई सकाळपासून धुमसत होत्या. मशीन कसं चालवायचं याच्या पुस्तिका लिहिणं हे सुनेचं काम. आता म्हणे ते कॉम्प्युटर करणार! नऊ वर्षं पोरीनं मान मोडून लिहिलं, त्याचे हे असे पांग फेडले!

"नवं काहीतरी करून दाखवा म्हणतात," सून म्हणाली. "मी म्हटलं, छापण्याआधी कॉम्प्युटरची पुस्तिका घरातल्या साध्या माणसाला वापरायला देऊन तपासते. साहेब म्हणाले, आज दाखवा, नाहीतर महिनाअखेरीस घरी बसा. आई, कॉम्प्युटरनं लिहिलंय तेवढंच करायचं हं. मी मधे बोलायचं नाही."

"नकोच बोलूस. बघतेच त्या मेल्याची अक्कल!"

मोरीशेजारी नवं वॉशिंग मशीन, समोर मोबाइलच्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवर साहेब. सासूबाईंची शाळा चौथीतच सुटलेली. बोट ठेवून त्या वाचू लागल्या. "न-ळ जो-डा." जोडला. "क-प-डे टा-का." टाकले. "ब-ट-ण दा-बा." असं दाबलं की तिकडे साहेब दचकले.

मशीनमागची सांडपाण्याची नळी जमिनीवर लोळत होती. आत भरणारं पाणी तिच्यातून सरळ स्वयंपाकघरात यायला लागलं.

"अहो आजी, बंद करा!"

"आजी कुणाला म्हणतोस रे? बंद करायचं कुठल्या पानावर आहे?"

"एकतीस!"

सासूबाई बोट ओलं करून एकेक पान उलटू लागल्या. सुनेनं ओठ दाताखाली धरले. बाराव्या पानाला पाणी बाहेरच्या खोलीत शिरलं. विसाव्याला सासरे पाय वर घेऊन खुर्चीत बसले.

"ती नळी मोरीत सोडा हो! एवढंही कळत नाही?"

सासूबाईंनी पुस्तिका थेट पडद्यासमोर धरली. "नळीचं कुठं लिहिलंय? दाखव! ही पोरगी लिहीत होती तेव्हा कुणाच्या घरात पाणी शिरलं होतं का?"

साहेबांनी आपल्याकडची पुस्तिका दोनदा चाळली. मग पडल्या आवाजात सुनेला म्हणाले, "मॅडम, यापुढे तुम्ही तपासल्याशिवाय एकही पुस्तिका छापायची नाही. हे काम तुमचं."

फोन बंद झाला. त्याबरोबर सासूबाईंनी पुस्तिका भिरकावली, न बघता बटण बंद केलं आणि नळी उचलून मोरीत सोडली.

सून बघतच राहिली. "आई! तुम्हाला ठाऊक होतं?"

"जुन्या मशीनची नळी बारा वर्षं कोण सोडत होतं, तुझा सासरा?" त्यांनी फडकं तिच्या हातात कोंबलं. "नोकरी वाचली ना तुझी? मग पूस!"