केरोबाची फणसाची गिटार

मुलांनो, मांडी घालून बसा. नाकातलं बोट काढा. आजची गोष्ट शहाण्यांची आहे, त्यामुळे तुम्हाला ती जरा जड जाईल.

एका जंगलात केरोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. केरोबाला गिटार वाजवता येत असे. यात हसण्यासारखं काही नाही. त्या जंगलात तेव्हा जो तो गिटार घेत होता. वाजवता मात्र दोघांनाच येई, तळ्यावरच्या बिबट्याला आणि आपल्या केरोबाला. बाकीच्यांनी गिटारी भिंतीला टांगल्या होत्या आणि त्यांच्याविषयी ते फार छान बोलत.

केरोबाला नुकतीच मुलगी झाली होती. अस्वलांच्या घरात बारशाची एक रीत होती. बापानं गिटारवर एक चाल वाजवायची आणि ती संपायच्या आत आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं. नाव आईनं ठरवलेलं असे. बापाला ते आधी सांगत नसत. चाल वाजवून झाली की मगच त्याला कळे.

आता झालं असं, की केरोबाची जुनी गिटार वाळवीनं खाल्ली. म्हणून तो ठकूबाई सुतारपक्षिणीकडे गेला. जंगलातल्या सगळ्या गिटारी तीच बनवायची.

"शिसवाची हवी," केरोबा म्हणाला. "दांडी अरुंद, पोट पातळ. बिबट्याची आहे ना, अगदी तश्शी."

केरोबाचे पंजे भाकरीएवढे होते. त्याला अरुंद दांडी कशाला हवी, हे ठकूबाईनं विचारलं नाही आणि केरोबानं स्वतःलाही विचारलं नाही. बिबट्याची तशी होती, एवढं त्याला पुरेसं होतं.

गिटार तयार झाली. ती फणसाच्या लाकडाची होती. दांडी चांगली रुंद होती आणि पोट फुगलेलं होतं.

"अगं, हे काय?" केरोबा ओरडला.

"शिसव मिळालंच नाही हो," ठकूबाई म्हणाली. "आणि दांडीचं म्हणाल तर ती दुसऱ्या कुणाची तरी तुमच्या गिटारला लागली बहुतेक. घाई होती ना! पण रंग बघा की, कसा पिवळाधमक आलाय!"

ठकूबाईनं हे मुद्दाम केलं, तिला केरोबाच्या पंजांची काळजी होती, असलं काही मनात आणू नका. ती धांदरट होती, बस्स.

तिच्याकडे माल परत करता येत असे. पण वाजवलेला नाही. एकदा तार छेडली की गिटार तुमची. आणि परत आलेली गिटार ती सगळ्यांसमोर चोचीनं फोडून टाकी, म्हणजे चुकीच्या मालाला आपलं नाव चिकटायला नको. थोडक्यात, गिटार ठेवायची की नाही हे ती न वाजवताच ठरवायचं होतं. हा नियम सगळ्या जंगलानं बसून, विचार करून केला होता.

केरोबानं गिटार घरी आणली आणि मांडीवर घेतली. फुगलेलं पोट त्याच्या पोटाला नीट टेकलं. त्यानं दांडीवर पंजा ठेवला. सगळी बोटं आपापल्या जागी बसली. जुन्या गिटारवर ती कधी इतकी नीट बसली नव्हती. केरोबाला फार बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटतंय याचाच त्याला राग आला.

"मी अशी सांगितली नव्हती," तो म्हणाला.

"अहो, एकदा वाजवून तर बघा," त्याची बायको सगुणा म्हणाली. "पोरगी अजून नावावाचून पडलीय."

"वाजवली तर ठेवावी लागेल."

"मग ठेवा."

"चुकीची गिटार?"

"चांगली असली तर?"

"चांगली असली म्हणून काय झालं? चुकीचीच ना ती!"

सगुणा पाळणा हलवू लागली. असल्या उत्तरावर शहाणी बाई दुसरं काय करणार?

त्या जंगलात एक अचूक वाद्य मंडळ होतं. बगळा त्याचा अध्यक्ष आणि सरडा चिटणीस. दोघांनीही आयुष्यात कधी तार छेडली नव्हती. अध्यक्षांना तर वाजवायला हातच नव्हते. पण त्यांच्याकडे मापाची एक काडी होती आणि ती ते फार ऐटीत धरत. केरोबा गिटार घेऊन त्यांच्याकडे गेला.

बगळ्यानं दांडीला काडी लावली. मग पोटाला लावली. मग डोळे मिटून एका पायावर उभा राहिला. मासे पकडताना तो असाच उभा राहायचा, पण सगळ्यांना वाटलं, चिंतन चाललंय.

"फणस," तो शेवटी म्हणाला. "फणसाचा आवाज जरा पिकलेला येतो."

"तुम्ही ऐकलाय?" केरोबानं विचारलं.

"ऐकायची गरज नसते. अभ्यास लागतो."

"फणसाला एक गोडवा मात्र असतो," सरडा म्हणाला. बगळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "तोच तर दोष आहे," सरड्यानं लगेच सांगितलं.

केरोबा घुटमळला. "पण अध्यक्षसाहेब, हाताला फार छान बसते हो ही. घरी पोरीचं बारसं खोळंबलंय. ठेवून घेतली तर काय होईल?"

"काय होईल?" बगळा मान लांब करून म्हणाला. "आज तुम्ही रुंद दांडी चालवून घ्याल. उद्या या जंगलात कुणीही काहीही करेल. प्रश्न तुमच्या गिटारचा नाही, केरोबा. प्रश्न तत्त्वाचा आहे."

मुलांनो, प्रश्न तत्त्वाचा आहे असं कुणी म्हणालं, की समजावं, आता कुणाचं तरी वाटोळं होणार. आणि ते म्हणणाऱ्याचं नसणार.

केरोबानं गिटार परत केली. फोडण्याचा कार्यक्रम बघायला सगळं जंगल जमलं. वाजवणं ऐकायला कधी इतकी गर्दी होत नसे. सगुणाही पोरीला कडेवर घेऊन आली होती. पोर सकाळपासून रडून रडून लाल झाली होती.

ठकूबाईनं मान मागे घेतली आणि गिटारच्या पोटावर चोच हाणली. सगळ्या तारा एकदम वाजल्या.

तसा आवाज त्या जंगलानं कधी ऐकला नव्हता. खोल आणि गोड, आणि विरता विरेना. तळ्यावर बिबट्या पाणी प्यायचा थांबला. कडेवरची पोर गप्प झाली आणि मान वळवून बघू लागली.

 केरोबानं पंजा वर केला. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. गिटार अजून वाचली असती, पोटाला फक्त एक भोक पडलं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि त्यानं कुणाकडे बघावं? बगळ्याकडे!

"आवाज बरा आहे," बगळा म्हणाला. "पण माप?"

केरोबानं पंजा खाली घेतला. मग ठकूबाईनं एकामागून एक चोची मारल्या. फणसाच्या ढलप्या राहिल्या, त्या कुणीतरी चुलीला नेल्या.

मला त्या अस्वलाची कीव यायला हवी, पण येत नाही. मला त्याचा संताप येतो.

नवी गिटार यायला दोन उन्हाळे गेले. या वेळी सगळं बरोबर होतं. शिसव काळंभोर, दांडी अरुंद, पोट पातळ. बगळ्यानं काडी लावली आणि तिथल्या तिथे केरोबाच्या गळ्यात हार घातला. मंडळानं त्याला आजीव सदस्य करून घेतलं. केरोबा मिरवत घरी आला.

अंगणात पोर खेळत होती. चांगली पळू लागली होती.

"चला, बारसं करू!" केरोबा म्हणाला.

"ते झालं," सगुणा म्हणाली. "पोरगी चालायला लागली तरी तुमची गिटार येईना. मग तुम्ही ठकूबाईकडे खेटे घालत होतात, तेव्हा मी बिबट्याला तिचा मामा केला. बापाच्या जागी त्यानं वाजवली चाल."

"त्याच्या शिसवी गिटारवर?"

"छे! सशाच्या भिंतीवर एक धूळ खात पडली होती, ती घेतली त्यानं. म्हणाला, कुठलीही चालेल."

केरोबानं गळ्यातला हार नीट केला. मग म्हणाला, "बरं, नाव काय ठेवलं?"

"वाजवा. मग सांगते."

केरोबानं गिटार मांडीवर घेतली. भाकरीएवढा पंजा अरुंद दांडीवर ठेवला. एक तार दाबायला गेला, तर तीन दाबल्या गेल्या. खडखड झाली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खडखड झाली.

"अगं, राहू दे चाल. नुसतं नाव सांग ना!"

"असं कसं?" सगुणा म्हणाली. "ठरलंय तसंच व्हायला हवं. तत्त्वाचा प्रश्न आहे."

केरोबा अजून रोज अंगणात बसून खडखड करतो. चाल जमेपर्यंत त्याच्यासमोर कुणी पोरीचं नाव घेत नाही. पोर जवळून पळत जाते. तो "ए, ए" करून हाक मारतो. ती काही वळत नाही. तिला काय माहीत, ही हाक आपल्याला आहे म्हणून?

तात्पर्य: मुलांनो, वस्तू सांगितली तशीच आहे ना, हे आधी नीट मोजून घ्यावं. ती वाजते कशी, ते फोडताना कळतंच.