एकमेव खऱ्या प्रवाशाचा सत्कार

नेब्रास्कातल्या लिंडन फोर्क गावात दरवर्षी रेल्वे-उत्सव भरतो आणि त्याला झाडून सगळा गाव मोटारीने येतो. यंदा मात्र आक्रीत घडलं. ऐन उत्सवाच्या दिवशी गावातल्याच कुणीतरी गाडीचं तिकीट काढल्याचं उघडकीस आलं.

हे कृत्य व्लास्ता कोलारबाईंचं होतं. नजर अधू झाल्यामुळे त्यांचा मोटारीचा परवाना गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी शिकागोत थोरल्या बहिणीचा, लिबीचा, ऐंशीवा वाढदिवस होता. "या वेळी तरी ये गं," असं लिबी फोनवर म्हणाली होती.

उत्सव समितीचा अध्यक्ष डेल्मर कुचेरा धावतच आला.

"मावशी, आमच्याकडे जुनं इंजिन आहे, जुना कंदील आहे. प्रवासी तेवढा नव्हता! तुमचा सत्कार झालाच पाहिजे."

"अरे, पण माझी गाडी चारची आहे."

"सत्कारही चारलाच. कसं जुळून आलं बघा!"

फलाटावरच्या चित्ररथावर बाईंना चढवण्यात आलं, अंगावर रेशमी पट्टा घालण्यात आला आणि सुरक्षेच्या नियमानुसार शिडी काढून घेण्यात आली. लिबीसाठी पहाटे उठून भाजलेले, खसखस भरलेले 'कोलाचे' नावाचे गोड पाव 'प्रवासातील पारंपरिक शिदोरी' म्हणून प्रदर्शनात मांडले गेले आणि रसिकांनी ते पेटीसकट अभ्यासले. पेटी तेवढी उरली.

चार वाजता खरीखुरी गाडी आली. बँडने पोल्का नाचाची धून सुरू केली. पिवळ्या रेषेवर स्वयंसेवक हात पसरून ओरडू लागले, "मागे सरा! गाडीच्या जवळ जाऊ नका, रेल्वे-उत्सव चालू आहे!"

कंडक्टरने दारातून डोकं काढलं. "कुणी चढणार आहे का?"

"मी! अहो, मी चढणार आहे!"

"काय हुबेहूब करतात बाई!" गर्दीतली एक जण म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"डेल्मर, मेल्या, शिडी लाव!"

"मावशी, थोडी कळ काढा," डेल्मर खालून कुजबुजला. "माझं भाषण राहिलंय. विषय आहे 'रेल्वे आणि जिवलगांची भेट'."

कंडक्टरने वाट पाहिली. रेषा कुणीच ओलांडेना, तेव्हा त्याने सगळ्यांना हात केला आणि गाडी हलली. व्लास्ताबाईंनी दोन्ही हात वर करून टाहो फोडला. नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला.

संध्याकाळी चित्ररथावरूनच त्यांनी लिबीला फोन लावला. बोलता बोलता त्यांना रडू आवरेना.

"अगं, पुढच्या वर्षी ये," लिबी म्हणाली.

पण एवढ्या गर्दीतूनही कुणी चढत नाही हे पाहून रेल्वेने महिन्याभरात तो थांबाच बंद केला. गाव क्षणभर हळहळला. मग डेल्मरने समजावलं की स्टेशन आता निखळ इतिहास झालं आहे, आणि पुढच्या उत्सवाला गाडीची मधेच अडचण होणार नाही. तसा ठरावही एकमताने मंजूर झाला.

तो फोटो मात्र जगभर गाजला. खाली ओळ होती, 'लाडक्या गाडीला आनंदाने निरोप देणारी आजी'. तुम्हीही पाहिलात की तो. "किती गोड!" म्हणून चार जणांना पाठवलात, आणि मोटारीची किल्ली शोधायला लागलात.