चपलांची शिरगणती

सूर्यनारायणरावांनी तंजावरच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांचं एकही विधान कुणी खोडून काढलं नाही. विद्यार्थ्यांची छाती नव्हती आणि कामाक्षीबाईंना सवड नव्हती. पुढे ते निवृत्त होऊन दिवसभर घरातच बसू लागले, तेव्हा कामाक्षीबाईंनी सवड काढली!

वाद एकच होता. मुलगा कार्तिकेय बेंगळूरला. त्याने तीन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि त्यातली एक खोली आईबापांसाठी रिकामी ठेवली होती. कामाक्षीबाई एका पायावर तयार होत्या.

"ह्या संदांत बोलायला माणूस उरलें नाहीं हो!" त्या म्हणत. त्यांच्या सव्वीस घरांच्या अरुंद गल्लीला सगळे संदच म्हणतात. "इथलीं पोरें बेंगळूरला, त्यांचीं पोरें अमेरिकेला. सकाळपासून मी कोणाशीं बोलूं? तुळशीशीं?"

"चूक!" सूर्यनारायणराव हवेत खडू धरल्यासारखं बोट उगारत. "ही कावेरीकाठची जमीन. सुपीक माती, मुबलक पाणी, म्हणून दाट वस्ती! सातवीच्या पुस्तकांत आहे!"

"सातवीचें पुस्तक दुपारीं माझ्याबरोबर कापी प्यायला येतें काय?"

"आणि आमचे पूर्वज महाराष्ट्रांतून इतक्या लांब आले. एका घराण्याला एक स्थलांतर पुष्कळ झालें! मी हालणार नाहीं."

शेवटी पैज लागली. संदातली माणसं मोजायची. शंभराला एक जरी कमी भरलं, तर दिवाळीच्या आत बेंगळूरला बिऱ्हाड हलवायचं. शंभर भरली, तर कामाक्षीबाईंनी पुन्हा त्या शहराचं नाव काढायचं नाही.

"शरि, कबूल," कामाक्षीबाई म्हणाल्या आणि माळ्यावरची बॅग पुसायला लागल्या. बोटांवर मोजलं तरी साठाच्या वर जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सूर्यनारायणरावांनी मात्र कल्याणरामला बोलावून घेतलं. कल्याणराम पोस्टातून निवृत्त झालेला, आणि संदाच्या संघाचा चिटणीस. संघाला दुसरा सभासदच नसल्याने त्याची निवड नेहमी बिनविरोध होई.

"घरोघर जाऊन किती माणसें म्हणून विचारायचें?" कल्याणरामने विचारलं.

"छे! विचारलें कीं बसा म्हणणार, कापी देणार, मग लेकाच्या परदेशच्या नोकरीची कथा. सव्वीस घरांना सव्वीस दिवस लागतील! त्याला शास्त्रीय पद्धत पाहिजे." सूर्यनारायणरावांनी आवाज खाली आणला. "चपला!"

"काय?"

"आपल्याकडे चपल घालून घरांत कोणी जातें काय? नाहीं! म्हणजे दारांत जितके जोड, आंत तितकीं माणसें!"

"आणि ज्यांच्याकडे दोन दोन जोड आहेत ते?"

"ज्यांच्याकडे एकही नाहीं त्यांच्याशीं ते जुळतात. सरासरी!"

कल्याणरामने मान डोलावली. सरासरी म्हटलं की तो पोस्टातही मानच डोलावत असे.

मुहूर्त ठरला नवरात्रातल्या शुक्रवारच्या संध्याकाळचा. सूर्यनारायणरावांचा हिशेब सरळ होता: सणाची संध्याकाळ, कोण घर सोडून जाईल? आता तंजावरात जन्मलेल्या माणसाने असं म्हणावं, हे ऐकून तुम्ही कपाळावर हात माराल. नवरात्रात घरोघर कोलु मांडलेला असतो, पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्या बसवलेल्या असतात, आणि संदातल्या झाडून साऱ्या बायका घोळक्याने या घरून त्या घरी कोलु बघत, गाणं म्हणत, हरभऱ्याचं सुंडल खात फिरत असतात. त्या संध्याकाळी घरात कुणी असेल तर ती बाहुलीच! पण नवरात्र म्हणजे तिमाही परीक्षेचे पेपर, एवढंच सूर्यनारायणरावांना छत्तीस वर्षं ठाऊक होतं. आतल्या खोलीत कोंडून घेऊन ते तपासत बसत, आणि बाहेर काय चालतं ते त्यांनी कधी डोकावून पाहिलंच नव्हतं.

ते वही घेऊन निघाले. सणाच्या संध्याकाळी कुणाच्या घरात शिरणं बरं दिसणार नाही, म्हणून लांबूनच मोजायचं. पहिलं घर: सोळा जोड! "सोळा!" ते पुटपुटले आणि लिहिलं. दुसरं घर: सतरा! एकत्र कुटुंबपद्धती परत आली की काय! तिसऱ्या दारात एक गुलाबी चप्पल होती, तिचा अंगठा तुटला होता आणि सेफ्टी पिनने सांधला होता. चौथ्या दारात तसलीच गुलाबी चप्पल, तिलाही पिन. सातव्या दारात तीच गत. सूर्यनारायणरावांनी समासात टीप लिहिली, 'गुलाबी माल टिकाऊ नाही, तरी खप फार.'

तो माल जगात एकच होता आणि तो समोरच्या अलमेलुचा होता. अलमेलु त्या घोळक्याची म्होरकी. पंधरा बायका तिच्या मागून, आणि त्या पंधरांत खुद्द कामाक्षीबाई! घोळका एका घरातून निघून पुढच्यात शिरायचा, आणि सूर्यनारायणराव वहीत बेरीज मांडत, नाकासमोर बघत, त्याच्या मागोमाग पोचायचे. आपली बायको त्यांनी त्या संध्याकाळी कितीदा तरी मोजली.

नववं घर त्यांचं स्वतःचं. दाराला कुलूप आणि दारात एकही जोड नाही, कारण बायकोचा जोड बायकोबरोबर फिरत होता आणि त्यांचा त्यांच्या पायात होता. सूर्यनारायणराव घुटमळले. पण स्वतःच्या घरासाठी नियम वाकवणारा माणूस तो नव्हे! त्यांनी ठणठणीत अक्षरात लिहिलं: 'घर नंबर नऊ. लोकसंख्या शून्य.'

एकूण भरली चारशे बारा!

"चारशें बारा?" कामाक्षीबाई बॅग भरता भरता थांबल्या. "मग तीं बोलत कां नाहींत?"

"त्याचा लोकसंख्येशीं संबंध नाहीं," सूर्यनारायणराव म्हणाले आणि बॅग स्वतः माळ्यावर चढवून आले. कामाक्षीबाईंनी बेंगळूरचं नाव काढलं नाही. पैज ती पैज! पण तुळशीला पाणी घालताना त्यांचे डोळे भरून येत, आणि ते पाहून सूर्यनारायणरावांना काही विजय झाल्यासारखं वाटेना.

इकडे कल्याणरामने आयुष्यात पहिल्यांदा संघाच्या नावाने काही मोठं केलं. वहीतली ती यादी त्याने एका धर्मादाय मंडळाला पाठवली. ही मंडळी गावोगाव फुकट नेत्रतपासणी करून चष्मे वाटत, मात्र तीनशे माणसं हजर हवीत अशी त्यांची अट. उलट टपाली होकार आला! पुढल्या रविवारी शिबिर, वर जेवायला चिंचेचा भात आणि दहीभात.

तेव्हा कुठे कल्याणराम स्वतः संदातून एक चक्कर मारून आला, तर साठ माणसंसुद्धा भरेनात. पापनाशमला त्याची सोयरीक होती, तिरुवैयारुला मावसभाऊ होता. त्याने गुपचूप दोघांना फोन केले, "चार माणसें घेऊन या हो, अब्रूचा प्रश्न आहे!" त्या दोघांनी आपापल्या गावात सांगितलं. गावांनी शेजारच्या गावांत सांगितलं.

रविवारी सकाळी सूर्यनारायणराव उद्घाटनासाठी दाढी करून घ्यायला गेले. परत येतात तो संदाच्या तोंडाशी बस उभी, मागे दुसरी बस, मोपेडवर तिघे तिघे, सायकली, पोरं, म्हाताऱ्या! सहाशेच्या वर माणूस!

"पाहिलें?" ते भेटेल त्याला हलवून सांगत सुटले. "स्थलांतर! ओढणारें कारण कोणतें? चष्मा! दुय्यम कारण, चिंचेचा भात!"

मग ते आपल्या दाराशी पोचले. तिथे शिबिराची भुवना नावाची चुणचुणीत मुलगी यादी घेऊन उभी होती.

"टोकन, सार?"

"टोकन कसलें? हें माझें घर!"

भुवनाने यादीवरून बोट फिरवलं. "नाहीं, सार. घर नंबर नऊ, लोकसंख्या शून्य. रिकामें घर म्हणून डोळ्यांत औषध घातलेलीं माणसें इथें बसवलीं आहेत."

"मी ह्या घरांत राहतों!"

"यादींत तसें नाहीं, सार."

"ती यादी मींच केली!"

"मग तुम्हांला ठाऊकच असेल," भुवना गोड हसून म्हणाली आणि त्यांच्या हातात तीनशे सत्त्याऐंशी नंबरचं टोकन ठेवलं.

स्वतःच्या दारात, चपलांच्या ढिगात चप्पल काढून, सूर्यनारायणराव दुपारी चार वाजता घरात शिरले. त्यांच्या आरामखुर्चीत पापनाशमचे एक आजोबा डोळ्यांवर कापूस ठेवून घोरत होते. झोपाळ्यावर पाच माणसं होती. न्हाणीघरापाशी रांग होती. आणि स्वयंपाकघरात बारा बायकांच्या मधोमध कामाक्षीबाई बसल्या होत्या, आणि हसत होत्या! पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. असं हसताना सूर्यनारायणरावांनी त्यांना कार्तिकेयच्या बारशानंतर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. हॉलच्या कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरांनी तपासलं, नवा चष्मा चढवला आणि म्हणाले, "लांबचें कांहीं पाहा." सूर्यनारायणरावांनी दाराकडे पाहिलं. चपलांच्या ढिगावर एक गुलाबी चप्पल, पिन लावलेली. ती पायात सरकवत होती अलमेलु.

"अलमेलु," त्यांनी हळूच विचारलं, "तसल्या चपला संदांत आणखी कोणाकडे आहेत?"

"अय्यो मामा, पिन लावलेली चपल घालणारी कंजूष मी एकटीच!"

सूर्यनारायणरावांनी घरं आठवली, टीप आठवली, बेरीज आठवली. मग ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. माणूस हट्टी, पण चुकलेलं उत्तर तसंच ठेवणारा नव्हे.

"कामाक्षी, मी हरलों. बेरीज चुकली. शंभर भरत नाहींत. आपण बेंगळूरला जाऊंया."

"मी नाहीं येत!" कामाक्षीबाई म्हणाल्या. "ही पापनाशमची राजम, माझ्या आत्तेच्या नणंदेची नात निघाली! दर शुक्रवारीं येणार म्हणते. बुधवारीं डोळ्यांची दुसरी तपासणी आहे, तोंवर हीं चौदा माणसें इथेंच राहतात. रिकामें घर कोठें मिळतें आजकाल?"

सूर्यनारायणराव हॉलमध्ये आले. बसायला जागा नव्हती. त्यांनी उभ्या उभ्या फोन लावला.

"कार्तिकेय, उद्यां सकाळच्या गाडीनें येतों. एकटाच. बुधवारपर्यंत."

"काय झालें अप्पा? तुम्ही तर हालणार नाहीं म्हणाला होतांत! ओढणारें कारण कीं ढकलणारें?" शेवटी मुलगा भूगोलाच्या मास्तरचा.

"ढकलणारें," सूर्यनारायणराव म्हणाले. "आणि तें माझ्या खुर्चींत घोरतें आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन ते दारात आले, तर त्यांच्या चपला गायब! आदल्या संध्याकाळी गर्दीत अलमेलु परत येऊन बसली होती आणि जाताना घाईघाईत त्याच पायात घालून गेली होती. चौदा पाहुण्यांचे जोड सोडले, तर मागे उरला होता एकच बिनवारशी जोड. गाडीची वेळ झाली होती. सूर्यनारायणरावांनी इकडे तिकडे पाहिलं, त्या जोडात मावतील तेवढी बोटं कोंबली आणि टाचा बाहेर टाकून फटक फटक करत निघाले.

कल्याणराम समोरच्या ओट्यावर वही घेऊन बसला होता. यादी पुन्हा नीट करायची, अगदी शास्त्रीय पद्धतीने, असं त्याने रात्रीच ठरवलं होतं. त्याने मान वर केली नाही. संदातून जाणाऱ्या पायांकडे निरखून पाहिलं, गुलाबी रंग पाहिला, सेफ्टी पिन पाहिली आणि नोंद केली: 'एक माणूस कमी. अलमेलु, बॅगेसह बेंगळूरला.'