एका बैठकीत संपलेली पोथी

मार्तंडराव श्रावणात गावच्या पोथीला बसायचे ते आवाजाच्या जोरावर. बेळगावच्या कोर्टात पक्षकारांची नावं पुकारण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. देवळात वाचलेली ओवी तळ्यावर धुणं आपटणाऱ्या बायकांनाही कळायची. पण आवाज शाबूत राहिला आणि डोळ्यांनी दगा दिला. मागच्या श्रावणात तर त्यांनी एकच ओवी तीन वेळा वाचली, आणि शेजारी बसून अर्थ सांगणाऱ्या भरमूआप्पांनी बिचाऱ्यांनी तिचा तीन वेळा अर्थ सांगितला. त्यावर देवळाचे पंच मारुतीराव यांनी यंदा निपाणीच्या बँकेतल्या नागेंद्रला बसवावं अशी कुजबुज गावात सुरू झाली. कडोलीच्या पलीकडचं लहानसं गाव ते, कुजबुजीला फिरायला कितीसा वेळ लागणार?

मार्तंडरावांचं जेवणावरचं मन उडालं. पोथीची ती बैठक म्हणजे त्यांचं सगळं काही होतं. शेवटी त्यांची पुतणी रचना धावून आली. ती बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत शिकवायची. गावच्या देवाची ती जुनी, जीर्ण पोथी तिने सुट्टीत सगळी टाईप करून तिचं कॉम्प्युटरवरचं पुस्तक केलं आणि स्वतःच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घालून आणलं. "काका, अक्षरं पाहिजे तेवढी मोठी होतात," म्हणाली. मार्तंडरावांनी पाहिलं तर एकेक अक्षर शेंगदाण्याएवढं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शिकवणी मात्र सोपी नव्हती. पान उलटायचं म्हटलं की मार्तंडरावांचं बोट आधी जिभेला लागायचं आणि मग पडद्यावर. रचना ओढणीने पडदा पुसून पुसून दमली. वाचून झालं की ते पडद्यावर मोरपीस ठेवायचे आणि अलगद झाकण मिटायचे. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर पुस्तक उघडलं, की मोरपिसाने खूण बरोबर राखली म्हणून खूश व्हायचे. एकदा माऊस धरला तर पोथीच गायब झाली, तेव्हा रचनाने माऊस काढून पिशवीत टाकला. पुढचं पान आणणारं बटण तेवढं नेमकं सापडावं म्हणून तिने त्यावर स्वतःची लाल टिकली चिकटवली आणि बजावलं, "ही टिकली दाबायची. बाकी कशाला हात लावायचा नाही." हा नियम मार्तंडरावांना एकदम पटला. कोर्टातही ते असंच वागत आले होते.

पहिल्या सोमवारी देऊळ भरलं; रचनाची शाळा सुरू झाली म्हणून ती तेवढी बेळगावला परतली होती. नागेंद्रसुद्धा पुढे येऊन बसला. चौरंगावर पोथीच्या जागी लॅपटॉप पाहून बायका जरा बिचकल्या, पण आळीतली वडीलधारी अक्काताई पुढे झाली. पोथी कागदाची असो नाहीतर विजेची, पूजेशिवाय उघडायची नाही, हे तिचं म्हणणं. आता पूजा करायची कुठे, हा प्रश्न होता. तेवढ्यात तिला ती लाल टिकली दिसली. झालं. देवाची जागा तीच, हे तिने ठरवून टाकलं. तिने टिकलीवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता. तिच्यामागे साऱ्या आळीच्या बायकांनी वाहिलं. मार्तंडरावांनी वरवरचे तांदूळ उपरण्याने झटकले आणि शंख वाजला.

आता त्या गावात एक रीत आहे. पोथी उघडली, की अध्याय संपेपर्यंत वाचणाऱ्याने जागेवरून उठायचं नाही आणि पोथीबाहेरचं अक्षर तोंडातून काढायचं नाही. मार्तंडरावांनी ही रीत आयुष्यभर पाळली होती.

सुरुवात झकास झाली. राजाचं लग्न ठरलं, मांडव पडला, वऱ्हाड आलं. नेहमीप्रमाणे बायका वाती वळत होत्या आणि पुरुष खांबाला टेकून पेंगत होते. वराने बाशिंग बांधलं आणि मार्तंडरावांनी टिकली दाबली. टिकली खाली गेली ती वर येईचना. बटणाच्या फटीत तांदळाचा दाणा बसला होता. पडद्यावर पानं अशी धावत सुटली की काही विचारू नका. मार्तंडरावांनी नखाने बटण उचकटलं, तेव्हा जे पान समोर थांबलं ते त्यांनी घाबरून वाचलं:

"राजा पडिला रणभूमीवरी। रक्त वाहे पाटापरी॥"

वाचलं आणि त्यांना घाम फुटला. मागे कसं जायचं ते माहीत नाही, दुसऱ्या बटणाला हात लावायचा नाही, तोंडाने कुणाला सांगायचं नाही. भरमूआप्पांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मार्तंडरावांच्या तोंडाकडे. इतक्या वर्षांची जोडी. त्यांनी अर्थ सांगायला घेतला.

"आता बघा, मांडवात अक्षता पडाय लागल्यात आणि तिकडनं शत्रू आला. राजाला बाशिंग काढाय बी सवड न्हाय. तसाच घोड्यावर बसला आणि गेला की रणात."

अक्काताईच्या हातातली वात तशीच राहिली. खांबाशी पेंगणारे सरळ बसले. मार्तंडरावांनी ते पान संपवून देवाचं नाव घेत पुन्हा टिकली दाबली. पुन्हा पानं पळाली. आता राणीला मुलगा झाला होता आणि मेलेला राजा पाळण्याची दोरी ओढत होता. भरमूआप्पांनी सांगितलं, की राजा मेला नव्हताच, नुसता बेशुद्ध पडला होता. एका धनगराने त्याला बाशिंगासकट घरी नेऊन दूध पाजलं, आणि तोवर राणी मांडवातच उभी राहून वाट बघत होती, हातात हार घेऊन; पाळणा हलला तो मागाहून. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मार्तंडरावांनाही गहिवरून आलं, कारण ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती.

अध्याय संपला असता तर त्यांना बोलता आलं असतं. पण अध्याय संपायच्या जागा भराभर मागे पळत होत्या. महिनाभर पुरायची पोथी दिवेलागणीलाच शेवटच्या पानावर येऊन थांबली आणि मार्तंडरावांनी रडवेल्या आवाजात समाप्तीची ओवी वाचली. ती ऐकताच सवयीने शंख वाजला. शंख वाजला म्हणजे समाप्ती झाली, आणि समाप्ती झाली म्हणजे गावजेवण घालायलाच हवं. मारुतीरावांनी पहिल्या दिवसाच्या प्रसादाला म्हणून फक्त वाटीभर फुटाणे आणले होते. ते डोक्याला हात लावून बसले.

मग जी धांदल उडाली! कुणाच्या घरून गहू आले, कुणाकडून गूळ, तालमीतली कढई आली, चुली पेटल्या. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजेपर्यंत सारं गाव देवळापुढे बसून राजाचीच चर्चा करत होतं. हुग्गीवर तूप पडलं, पोरंबाळं पोटभर जेवली, आणि इतका आनंदाचा सोमवार गावाने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. घास उतरत नव्हता तो एकट्या मार्तंडरावांचा. त्यांनी पानावरूनच मारुतीरावांना सांगून टाकलं, "माझ्यानं पोथीचा इस्कोट झाला. उद्यापास्नं नागेंद्रला बसवा." मारुतीरावांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी नागेंद्रने जुनी कागदी पोथी पहिल्यापासून लावली. मार्तंडराव जन्मात पहिल्यांदा मागे चपलांजवळ बसले. देऊळ मात्र कालच्यापेक्षा भरलेलं होतं, बाहेरच्या कट्ट्यावरही माणसं होती. नागेंद्रने एकही ओवी न चुकता वाचली. राजाचं लग्न ठरलं, मांडव पडला, बाशिंग बांधलं, अक्षता पडल्या, वऱ्हाड जेवलं आणि राजा-राणी वाड्यात सुखाने नांदू लागले. भरमूआप्पांनी पडेल आवाजात त्याचा अर्थ सांगितला. अध्याय संपला.

अक्काताई उठून उभी राहिली.

"नागेंद्रा, शत्रू कुठं गेला रं?"

"कसला शत्रू, आक्का?"

"राजा बाशिंगासकट रणात गेलता की. धनगरानं दूध पाजलं. ती राणी हार घिऊन हुबी हाय अजून."

नागेंद्रने पोथी उचलून तिच्यापुढे धरली. "आक्का, यात असलं काय बी न्हाय. तुमीच बघा."

अक्काताईने पोथीकडे पाहिलंसुद्धा नाही. देवळातल्या बायका कुजबुजल्या, कट्ट्यावरच्या पुरुषांनी आत डोकावून माना डोलावल्या, आणि भरमूआप्पा हळूच सरकून शेजारी मार्तंडरावांसाठी जागा झटकू लागले.

"मग ही पोथीच चुकीची हाय," अक्काताई म्हणाली. "उठ तू. मार्तंडअण्णांस्नी पुढं बोलवा, आणि त्यांची खरी पोथी लावा."