डुबी गैरहजर आहे

एका जंगलात एक शाळा होती. सिंह नव्हता का, असं लगेच विचारू नका. होता. पण तो राजधानीत बसून योजना पाठवायचा. त्यामुळे त्याच्या तावडीतून प्राणी वाचायचे आणि शाळा सापडायची.

तर बाळांनो, ही शाळा गच्च भरलेली असायची. पिल्लांना अभ्यासाची आवड होती म्हणून नव्हे. जंगलाचा नियमच तसा होता. ज्याचं नाव शाळेच्या पटावर, त्याला कुणी खायचं नाही. त्यामुळे पिल्लानं डोळे उघडले रे उघडले की आई त्याला शाळेत आणून बसवायची. शिक्षणाचा प्रसार असा होतो, बाळांनो.

मुख्याध्यापक होते बगळे सर. पांढरेशुभ्र, शांत, कायम एका पायावर. दिवसभर डोळे मिटून चिंतन करायचे. बेडकांच्या बाकांजवळून जाताना तेवढे उघडायचे.

त्यांच्या वर शिक्षण समिती होती. तिचे अध्यक्ष कासवअण्णा. अण्णा इतके जुने होते की त्यांच्या पाठीवर शेवाळ उगवलं होतं आणि त्यालाच ते अनुभव म्हणायचे. समितीनं शाळेसाठी पुष्कळ केलं होतं. पोहण्याचा तलाव बांधला होता. कुणी बुडू नये म्हणून त्यात पाणी सोडलं नव्हतं. ग्रंथालय बांधलं होतं. पुस्तकं मळू नयेत म्हणून त्याला दार ठेवलं नव्हतं.

आणि शिकवायला कुणीतरी लागतं, म्हणून एक साळिंदर होती. साळू मॅडम. तरुण, शिकलेली आणि कंत्राटी. राग आला की तिचे काटे उभे राहायचे. बैठकीत तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही.

एकदा राजधानीतून मुखदर्शन यंत्र आलं. पिल्लानं यंत्रासमोर तोंड न्यायचं. यंत्र ओळखणार आणि सांगणार, हजर. सलग आठवडाभर गैरहजर राहिलं की नाव पटावरून आपोआप कटणार.

आता यंत्र आलं म्हटल्यावर उद्घाटन आलं. मांडव पडला. हारतुरे झाले. अण्णांनी भाषण केलं. ते संपलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या सुरवंटांची फुलपाखरं झाली होती. मग लेझीम, मग नारळ, मग गुलाल. पोतीच्या पोती गुलाल. कोण ससा, कोण मुंगूस, काही कळेना. आणि त्याच धामधुमीत अण्णा ओरडले, "चला, चला! मुहूर्त टळतोय. चेहरे भरून घ्या यंत्रात!"

"अण्णा, आधी तोंडं धुऊ द्या की पोरांना," साळू मॅडम म्हणाली.

"शुभ कामाच्या वेळी मोडता घालायचा नाही, पोरी."

पहिला चेहरा बगळे सरांचा भरला. मग पिल्लांचे, पटावरच्या क्रमानं. सगळ्यात शेवटी एवढीशी बेडकी, डुबी. साळू मॅडमचा चेहरा भरलाच नाही. कंत्राटी लोकांना चेहरा नसतो, बाळांनो.

दुसऱ्या दिवशी सगळे स्वच्छ तोंडं धुऊन शाळेत आले. यंत्र म्हणालं, अनोळखी. ससा, अनोळखी. मुंगूस, अनोळखी. बगळे सर, अनोळखी.

तातडीची बैठक बसली.

"सोपं आहे," साळू मॅडम म्हणाली. "चेहरे परत भरा."

"परत कसे भरणार?" अण्णा म्हणाले. "परत भरायचे म्हणजे यंत्र नव्यानं सुरू करावं लागणार. नव्यानं सुरू करायचं म्हणजे उद्घाटन आलं."

"मग करा उद्घाटन."

"उद्घाटन म्हटलं की गुलाल आला."

"गुलालाशिवाय करा ना!"

समितीतल्या घुबडतात्यांना एवढ्या मोठ्यानं जाग आली की ते फांदीवरून पडता पडता वाचले. "गुलालाशिवाय? उद्घाटन? आजकालच्या मुलींना लाज म्हणून नाही!"

समितीनं खूप विचार केला. विचाराअंती ठरलं की यंत्र बरोबर आहे, पोरांचे चेहरे चुकलेत. तेव्हापासून दररोज प्रार्थनेच्या आधी सगळ्यांच्या तोंडाला गुलाल फासायचा. त्याला 'रंगीत बालपण अभियान' असं नाव दिलं आणि राजधानीला कळवून टाकलं. राजधानीनं शाबासकी पाठवली.

पोरं शिंकत शिंकत हजर होऊ लागली.

पण बेडूक कातडीनं श्वास घेतो. हे अण्णांना ठाऊक नव्हतं, कारण ते ग्रंथालयातल्या पुस्तकात होतं. उद्घाटनात गुलाल नुसता उडाला होता; फासलेल्या गुलालानं पहिल्याच दिवशी डुबी बाकावर आडवी झाली. साळू मॅडमनं तिला उचलून शाळेमागच्या तळ्यात बुडवलं, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

डुबीला गुलाल चालेना. यंत्राला डुबी चालेना.

ती रोज यायची. पहिल्या बाकावर बसायची. सगळे पाढे तिला पाठ. आणि रोज यंत्र म्हणायचं, डुबी गैरहजर.

"सर, मी इथंच आहे," डुबी म्हणायची.

"गैरहजर मुलांनी वर्गात बोलायचं नाही," बगळे सर म्हणायचे.

आठवडा संपत आला तसे बगळे सर फार मायाळू झाले. "डुबी बाळ, नीट जेवतेस ना?" ते विचारायचे. "पोटभर जेवावं गं. बरी दिसतेस अलीकडे."

साळू मॅडमचे काटे उभेच राहिले. ती तडक अण्णांकडे गेली.

"अण्णा, उद्या डुबीचं नाव कटणार. परवा तिला हे सर गिळणार."

"सरांबद्दल असं बोलू नये. ते शाकाहारावर व्याख्यानं देतात."

"कधी देतात?"

"जेवणानंतर." अण्णांनी मान थोडी आत घेतली. "हे बघ, पोरी. आमच्या वेळी आम्हीही सोसलं. आम्हाला तर अंड्यातून बाहेर काढायलासुद्धा कुणी नव्हतं. एका बेडकीसाठी अख्खी योजना थांबवायची का?"

साळू मॅडम तिथून निघाली. घरी जाऊन तिनं परसातला एक भोपळा तोडला, त्याला गुलाल फासला आणि सकाळी सगळी रांग संपल्यावर यंत्रासमोर धरला.

"डुबी," यंत्र म्हणालं. "हजर."

यंत्राला सगळे गुलाबी चेहरे सारखेच होते. पहिला गुलाबी चेहरा आला की पहिलं नाव, दुसरा आला की दुसरं. एवढीच त्याची अक्कल. साळू मॅडमनं समितीला बोलावून हे सगळं दाखवलं. एकदा भोपळा, एकदा दगड, एकदा गुलालात बुडवलेलं वांगं.

"बघितलंत?" ती म्हणाली. "भोपळा हजर आहे आणि पोर गैरहजर. आता तरी हा डबा परत पाठवा."

अण्णांचे डोळे भरून आले.

"पोरी," ते म्हणाले, "तू तर प्रश्नच सोडवलास!"

त्या दिवसापासून प्रत्येक पिल्लाच्या नावानं गुलाल फासलेला एक भोपळा बाकावर आला. भोपळे शिंकत नव्हते. भांडत नव्हते. प्रश्न विचारत नव्हते. घुबडतात्या म्हणाले की इतकी शिस्त त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. बगळे सरांनी आपल्याही नावानं एक भोपळा खुर्चीत ठेवला आणि चिंतनाला बाहेर पडू लागले. शंभर टक्के हजेरी लागली. राजधानीतून आदर्श शाळेचा पुरस्कार आला. तो घ्यायला अण्णा निघाले ते अजून वाटेतच आहेत, असं नका समजू. पालखीतून गेले आणि परत आले.

पोरांना शाळेत जागाच उरली नाही. ती तळ्याच्या काठी साळू मॅडमकडं जाऊन बसू लागली. तोंडं धुतलेली, नाकं मोकळी. तिथं ती वाचायला शिकली, मोजायला शिकली, आणि समोरचा बोलतो ते तपासून घ्यायला शिकली.

एका सकाळी साळू मॅडम लहानग्यांना मुळाक्षरं गिरवायला देऊन जरा मागं वळली होती. डुबी एका पानावर बसून गणित सोडवत होती. पानावर लांब सावली पडली.

"एकटीच का, बाळ?" बगळे सर म्हणाले.

"सर, माझं नाव पटावर आहे," डुबी म्हणाली. "मी डुबी."

"छे, छे. डुबी शाळेत हजर आहे. आत्ताच यंत्रानं सांगितलं." सरांनी चोच पुसली. "म्हणजे तू डुबी नव्हेस. तू कोण आहेस, मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसलेल्या बेडकांबाबत नियम काही म्हणत नाही."

डुबीनं मान वर केली.

"सर, यंत्रानं अजून कोणाला हजर सांगितलं?"

"सगळ्यांना."

"बगळे सरांना पण?"

"अर्थात. पहिलं नाव त्यांचंच."

"मग ते शाळेत आहेत," डुबी मोठ्यानं ओरडली. "मॅडम! इथं कुणीतरी अनोळखी बगळा आलाय!"

साळू मॅडम वळली. अनोळखी बगळ्याला टोचायला कुणाची परवानगी लागत नाही. तिनं पाठ फिरवली, काटे पसरले आणि उलटी धावत आली. सरांना टोचलेले काटे पोरांनी पाटीवर मोजले. मोजता मोजता त्यांची शंभरापर्यंतची उजळणी झाली.

बगळे सर कण्हत समितीपुढं गेले. "अण्णा, त्या बाईनं माझी चाळण केली! तळ्यावर! आज सकाळी!"

अण्णांनी यंत्राकडं पाहिलं. मग सरांकडं.

"आज सकाळी तुम्ही शाळेत होता, सर."

"नव्हतो हो! खुर्चीत भोपळा होता!"

"असं मोठ्यानं बोलू नका," अण्णा घाईघाईनं म्हणाले. अण्णा घाईनं काही म्हणाले ते आयुष्यात एवढंच. "भोपळा होता म्हटलं तर पुरस्कार परत द्यावा लागेल. तुम्हाला काहीही टोचलेलं नाही. जा, वर्गावर जा."

आणि अंगात शंभरावर काटे घेऊन बगळे सर भोपळ्यांना शिकवायला गेले.

तात्पर्य: बाळांनो, वडीलधाऱ्यांनी केलेला नियम कधीही मोडू नका. तो अक्षरशः, तंतोतंत, शेवटच्या शब्दापर्यंत पाळा. त्यांना इतका त्रास दुसऱ्या कशानंही होत नाही.